पाचवा शब्द

सिग्नीचं नाव खरं तर मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या मदतनिसांच्या यादीत होतं. कचेरीतल्या कुणीतरी दोन कागदांची अदलाबदल केली आणि ऑगस्टच्या त्या उकाड्यात ती येऊन पडली फुटबॉलच्या पोरांमध्ये. व्यायामशाळेच्या तळघरातली ती खोली... बर्फ, मलम आणि घाम यांचा वास तिथे कायमचा मुक्कामाला होता. खेळाडूंवर उपचार करायचं शिक्षण घेणारी सिग्नी दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला लोइसबाईंच्या हाताखाली काम करायचं होतं. लोइसबाई म्हणजे त्या खोलीच्या मालकीणच. तीस वर्षं त्यांनी पोरांचे घोटे बांधले होते आणि तीस वर्षं त्यांच्या थापा ऐकल्या होत्या.

पहिल्याच दिवशी डोक्याची तपासणी होती. हंगाम सुरू होण्याआधी ती प्रत्येक खेळाडूची व्हायची. पाच शब्द वाचून दाखवायचे, मधे पाच मिनिटं बारा महिने उलटे म्हणायला किंवा एका पायावर उभं राहायला लावायचं, आणि मग ते शब्द परत विचारायचे. जितके आठवले तो आकडा फायलीत जायचा. पुढे कधी डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा घ्यायची आणि नवा आकडा जुन्याशी ताडून पाहायचा. मोठ्या विद्यापीठांत या कामाला यंत्रं असतात. या कॉलेजकडे एक पिवळा पडलेला कागद होता, आणि वर्षानुवर्षं तेच पाच शब्द.

सत्ताविसावा आला तो ऑरिन प्रुइट. विस्कॉन्सिनच्या गाईम्हशींतला... म्हणजे गाईंतलाच, म्हशी तिथे कुठल्या! बापाच्या साठ दुभत्या गाई, आणि त्या पिळून पिळून याचे हात फावड्याएवढे झालेले. खुर्ची त्याला पुरेना. कान लाल.

“शिडी, लोणी, कंगवा, चिमणी, खिळा,” सिग्नीनं वाचलं. पाच मिनिटांनी पेन सरसावून तिनं विचारलं, “सांग आता.”

“शिडी... लोणी...”

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“तीन शब्द गेले कुठे?”

“तू वाचत होतीस ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो,” तो म्हणाला. “कानांना सुट्टी दिली होती.”

आता अशा वाक्यावर शहाण्या मुलीनं भुवई उंचवायची असते. सिग्नीनं मान खाली घातली, फायलीत ‘पाचपैकी दोन’ असं लिहिलं, आणि तो दाराबाहेर जाईपर्यंत वर पाहिलं नाही. त्या दोनच्या आकड्याची शेपटी जरा जास्तच वळलेली आली होती.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ती मैत्रिणींबरोबर जेवत होती. ऑरिन बटाटे आणि मांस एकत्र भाजलेल्या हॉटडिशनं भरलेलं ताट घेऊन टेबलाजवळून गेला, आणि जाता जाता, न थांबता, हवामान सांगावं तसं म्हणाला, “शिडी, लोणी, कंगवा, चिमणी, खिळा.”

मैत्रिणी आ वासून बघत राहिल्या. सिग्नीला ठसका लागला.

“अंथरुणाला पाठ टेकली आणि सगळे आठवले,” तो नंतर म्हणाला. तिनं ते खरं मानलं. मानायला आवडत होतं तिला.

*

संघाचं मात्र काही खरं नव्हतं. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर पडून तो अडवायचा, असा हा फुटबॉल. कॉलेजच्या संघानं गेल्या वर्षी एकही सामना जिंकला नव्हता, आणि या वर्षीही ऑक्टोबर अर्धा सरला तरी पाटी कोरीच होती. विश्वस्तांनी सांगून टाकलं होतं, या हंगामात एक तरी सामना जिंका, नाहीतर संघ बंद. अर्धीअधिक पोरं या आडगावच्या कॉलेजात आली होती तीच मुळी फुटबॉलसाठी. संघ गेला असता तर ती पांगली असती. म्हाताऱ्या कोच रॅडकींना तर दुसरं घर नव्हतंच.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता, या पोरांना जिंकायला हवंय तरी काय? न्हावी म्हणायचा, नवा क्वार्टरबॅक हवा, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी. पाद्री म्हणायचे, प्रार्थना हवी. पेट्रोलपंपावरची ग्लॅडिस म्हणायची, आधी कोचला नवा चष्मा हवा. कोच स्वतः एवढंच म्हणायचे की मला चेंडू नीट मागे देणारा एक पोरगा द्या, बाकी मी बघतो.

हे काम सेंटरचं. मधोमध वाकून उभं राहायचं, दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हाती द्यायचा, आणि त्याच क्षणी समोरून चाल करून येणाऱ्या धटिंगणाला खांद्यानं, डोक्यानं थोपवायचं. प्रत्येक खेळी त्याच्या हातातून सुरू होते आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. संघाच्या सेंटरचा गुडघा तिसऱ्याच सामन्यात गेला. त्याच्या जागी आलेला पहिल्या वर्षाचा पोरगा चेंडू असा काही भिरकावायचा की क्वार्टरबॅक पाठ फिरवून पळत सुटायचा. तेव्हा कोचनी आजवर बाकावर बसलेल्या ऑरिनला उठवलं, आणि चेंडू पहिल्यांदा जिथे जायला हवा तिथे गेला. त्यानंतरचे दोन सामने ते हरले, पण एक तीन गुणांनी आणि एक फक्त एका गुणानं. गावाच्या जिवात जीव आला.

चेंडू देता देता ऑरिनच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं सुजायची. रोज तीन वाजता तो तळघरात यायचा आणि सिग्नी ती दोन बोटं एकत्र बांधायची. पाच मिनिटांचं काम. त्याला पंधरा मिनिटं लागू लागली. बाहेर बारीक पाऊस लागलेला असायचा, खिडकी वरती जमिनीच्या पातळीला, तिच्यातून नुसते जाणाऱ्यायेणाऱ्यांचे भिजलेले बूट दिसायचे. दोघं त्या बुटांवरून माणसं ओळखायची पैज लावायची.

पोरं सामन्याच्या दिवशी मनगटाच्या पट्टीवर आईचं नाव लिहायची, वारलेल्या आजोबांचं लिहायची. सिग्नीनं पेन उघडून विचारलं, “तुझ्या पट्टीवर काय लिहू?”

“लोणी.”

“वेडा आहेस का? सगळे हसतील.”

“हसू दे की. आमच्या साठ गाईंना बरं वाटेल.” मग जरा थांबून, बोटांकडे बघत तो म्हणाला, “आणि... मला तू आठवशील.”

तिनं लोणी लिहिलं. पुढच्या शनिवारी चिमणी. तिचा हात त्याच्या हातात नेमका किती वेळ राहतो याकडे लोइसबाई बघत नव्हत्या अशातला भाग नाही, पण त्या दिवसांत त्यांना कपाटं आवरायची फार घाई असायची.

सिग्नी प्रेमात पडली होती. तिला ते कळत होतं, आणि कुणी विचारलं असतं तर तिनं नाकारलंही नसतं. विचारायचं त्यानं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तो म्हणाला होता, शेवटचा सामना होऊ दे, मग मला तुला एक विचारायचंय.

*

शेवटचा सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी होता. त्याआधीच्या शनिवारी, खेळ संपत आला असताना, ऑरिन एका धडकेनंतर गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. फार नाही, दोन श्वास. मग उठला आणि पुढचा चेंडू नीट दिला. लोइसबाईंनी मात्र ते पाहिलं होतं. सोमवारी त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि पिवळा कागद सिग्नीच्या हातात दिला.

तिनं शब्द वाचले. हसू दाबत वाचले, कारण हे शब्द तर त्यानं तीन महिने गाण्यासारखे म्हटले होते. पाच मिनिटं झाली.

“शिडी,” तो म्हणाला. “लोणी...”

ती वाट पाहत राहिली. आता डोळा मारेल, मग मारेल. त्यानं डोळा मारला नाही.

“बस, एवढेच,” तो म्हणाला.

लोइसबाईंनी फाईल उघडली. ऑगस्टमध्ये दोन, आज दोन. तोल बरा होता, उलटे महिनेही त्यानं म्हटले होते. “तुझं डोकं तेव्हाही रिकामंच होतं म्हणायचं,” असं म्हणत त्यांनी सही केली. त्याला खेळायची परवानगी मिळाली.

सिग्नीनं त्याला जिन्यात गाठलं. म्हणाली, पुरे झाली थट्टा, आता नीट म्हणून दाखव. तो भिंतीला टेकला. जिन्यातल्या दिव्यापासून त्यानं तोंड फिरवलेलं तिच्या तेव्हा लक्षात आलं.

“शिडी, लोणी...” त्याचे ओठ हलत राहिले, पण शब्द येईनात. “काय गं होतं पुढे?”

“ऑरिन, तुला पाचही पाठ होते. पहिल्या दिवसापासून.”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून म्हणजे... त्या खुर्चीतसुद्धा?”

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. त्याचा थोरला भाऊही खेळायचा आणि हा घरून निघताना त्यानं कानमंत्र दिला होता. ऑगस्टमध्ये दोन-तीन शब्द मुद्दाम विसर, म्हणजे नोव्हेंबरमध्ये खरोखर विसरलास तरी कुणाला पत्ता लागणार नाही. सगळीच पोरं करतात असं.

“म्हणजे माझ्याकडे बघत होतास, ते...”

“सिग्नी, पाच दिवसांचा प्रश्न आहे. शनिवार होऊ दे, मग मी महिनाभर झोपून राहीन. माझ्याशिवाय चेंडू कोण देणार? तो पहिल्या वर्षाचा पोरगा? संघ बंद होईल गं.” त्यानं तिचा हात धरला. बोटांना पट्टी नव्हती. “हे फक्त तुला माहीत आहे. तू गप्प बसलीस तर कुणालाही कळणार नाही.”

खरंच होतं ते. तो आकडा तिनं लिहिला होता, लाजून लिहिला होता. आणि आता तोच आकडा त्याला मैदानात घेऊन जाणार होता.

मंगळवार गेला, बुधवार गेला. सिग्नीला घास गोड लागेना. तिनं तोंड उघडलं तर संघ जाणार, कोच जाणार, आणि तोही जाणार, कारण असं सांगणाऱ्या मुलीला कोण माफ करतं? गप्प बसावं तर त्या दुखावलेल्या डोक्यावर शनिवारी साठ वेळा धडका बसणार. तिला रागही होता, तो निराळाच. ज्या वाक्यावर तिनं तीन महिने जीव टाकला, ते भावानं पढवून पाठवलेली थाप निघावी! मग तिला स्वतःचीच भीती वाटू लागली. आपण सांगितलं तर त्याच्या काळजीनं सांगू, की त्या रागानं? गुरुवारी ती लोइसबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

“ऑगस्टचा आकडा खोटा आहे,” ती म्हणाली. “ऑरिनला पाचही शब्द येत होते.”

लोइसबाईंनी कात्री खाली ठेवली. “तुला कसं माहीत?”

“तो रोज म्हणून दाखवायचा. मला.”

“रोज?”

“रोज.” आणि सिग्नीला रडू फुटलं.

लोइसबाईंनी तिला रडू दिलं. मग फाईल काढली, आपल्या सहीवर काट मारली आणि शिकवावं तशा स्वरात एवढंच म्हणाल्या, की आकडा लिहिताना पोराच्या तोंडाकडे बघायचं असतं, कागदाकडे नाही.

*

शनिवारी बर्फाचा पाऊस पडत होता. सारं गाव बाकांवर बसलं होतं, गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन. ऑरिन साध्या कपड्यांत, काळा चष्मा लावून, सगळ्यात वरच्या पायरीवर एकटाच बसला होता. सिग्नीनं तीनदा मागे वळून पाहिलं. त्यानं एकदाही तिच्याकडे मान वळवली नाही.

पोरं जिवावर उदार होऊन खेळली. अर्धं मिनिट उरलं तेव्हा ती फक्त दोन गुणांनी मागे होती आणि पायानं मारायचा एक सोपा फटका बाकी होता. तो बसला की तीन गुण, आणि सामना खिशात. पहिल्या वर्षाचा पोरगा चेंडूवर वाकला. गार पडलेल्या हातांनी त्यानं चेंडू मागे दिला आणि तो सगळ्यांच्या डोक्यावरून पार मागच्या रेषेकडे गेला. शिट्टी झाली तरी बराच वेळ कुणी जागचं उठलं नाही.

डिसेंबर लागताच विश्वस्तांचा कागद दाराला लागला. संघ बंद. कोच रॅडकींनी आपली शिट्टी लोइसबाईंच्या टेबलावर ठेवली आणि चहाही न घेता निघून गेले. सिग्नी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसली की शेजारची पोरं आपापली ताटं उचलून दुसरीकडे जायची. कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. ऑरिनला शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले म्हणे, आणखी एक मार बसला असता तर... आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. लोइसबाईंनी हे तिला दोनदा सांगितलं. तिला त्यामुळे धीर आला, पण ते ताटांचं काही सोसवत नव्हतं.

डिसेंबरच्या मध्याला तो आला. दुपारचे तीन वाजले होते. खिडकीबाहेर बर्फात एक पिकअप उभी होती, तिची चाकं तेवढी दिसत होती.

“बाबा न्यायला आलेत,” तो दारातूनच म्हणाला. “दहा ओळी वाचल्या की डोकं फुटतं. फोनचा उजेड सोसत नाही. डॉक्टर म्हणतात बरं होईल. कधी, ते सांगत नाहीत.”

“परत येशील?”

“कशाला? संघ कुठे आहे आता.” मग त्यालाच ते लागलं असावं. तो आत आला आणि त्या जुन्या खुर्चीत बसला. “रागावलो होतो तुझ्यावर. अजूनही जरा आहे. सकाळी उठलो की आधी तो चेंडू दिसतो, डोक्यावरून जाणारा. मग कळतं की मी उठलोय, मला दिसतंय... आणि मग तुझा राग येत नाही.”

सिग्नीनं आपसूक त्याचा हात घेतला. दोन बोटांची सूज उतरली होती. बांधायला काही नव्हतं, तरी ती अंगठा त्यांवरून फिरवत राहिली.

“विचार ना मला,” तो म्हणाला.

तिनं शब्द वाचले नाहीत. नुसतं म्हणाली, “सांग.”

“शिडी. लोणी.” त्यानं डोळे मिटले. “कंगवा. ...चिमणी.” वर चाकांजवळ बापाचे बूट येऊन थांबले. “आणि एक होता. टोकाला कुठेतरी आहे.”

तिच्या ओठांवर आला होता. पण परीक्षा घेणाऱ्यानं आठवण करून द्यायची नाही, हा नियम आहे. “चार आले,” ती म्हणाली.

“सांगू नकोस हं. आठवला की कळवीन मी. कार्डावर.” तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. “सिग्नी, ऑगस्टमध्ये मी खोटं बोललो. शब्द विसरलो नव्हतो. पण...”

“पण काय?”

“कारण सांगितलं ते खरं होतं. बघतच होतो मी तुझ्याकडे. पाचही शब्द ऐकू आले आणि तरी बघत होतो.” त्याचे कान लाल झाले. “शेवटच्या सामन्यानंतर हेच सांगायचं होतं. आणि विचारायचं होतं... ते आता नाही विचारत. जो धड एक पान वाचू शकत नाही, त्यानं कुणाला थांब म्हणू नये.”

ती म्हणाली असती, विचार, मी थांबते. तोंड उघडेपर्यंत तो जिना चढून गेला होता. खिडकीत त्याचे बूट दिसले, मग चाकं फिरली, मग नुसता बर्फ राहिला.

फेब्रुवारीत पहिलं कार्ड आलं. मोठी, वेडीवाकडी अक्षरं. एकच शब्द होता, हातोडा. खाली प्रश्नचिन्ह.

सिग्नी रडली. चुकला होता तो. तिनं उलट टपालानं दोन शब्द लिहिले: चूक. पुन्हा.

मार्चमध्ये आलं, बिजागरी? एप्रिलमध्ये, कुंपण? मग मे, फळी? ती सगळी कार्डं तिनं तळघरात, आपल्या कपाटाच्या दाराला आतून लावली. एकदा लोइसबाई चष्मा पुसत ती ओळीनं वाचत उभ्या राहिल्या. हातोडा, बिजागरी, कुंपण, फळी. म्हणाल्या, हा पोरगा खिळ्याच्या चहूबाजूंनी फिरतोय, खिळा सोडून.

तेव्हा ते सिग्नीच्याही डोक्यात आलं आणि मग जाईना. त्याचं दुखरं डोकं त्या शब्दाच्या आसपास खरोखरच चाचपडत असेल. किंवा तो शब्द त्याला कधीच आठवला असेल, आणि आठवला असं कळवलं की कार्डं थांबतील म्हणून, ऑगस्टसारखाच, मुद्दाम चुकत असेल. पहिलं खरं असलं तर त्याच्यासाठी जीव तुटत होता, दुसरं असलं तर स्वतःसाठी. यातलं कुठलं, हे तिला अक्षरांवरून कळेना, आणि बघायला तोंड समोर नव्हतं.

त्या दुपारी तीन वाजता ती खुर्चीत बसली, कोरं कार्ड घेतलं आणि पेन उघडलं. खिळा लिहून टाकला तर सगळंच संपणार होतं. नेहमीप्रमाणे ‘चूक. पुन्हा’ असं तिनं लिहिलं. खाली थोडी जागा उरली होती. तिथे तिनं लिहिलं: घाई नाही, थांबलेय.